विलासचे चार ठोके

"नाव काय तुमचं?" असं विचारून उत्तराची पाच मिनिटं वाट पाहिली आहे का तुम्ही कधी?

आमच्या विलासला नाव विचारणाऱ्या माणसाला तेवढं थांबावं लागतं. विलास म्हणजे माझा धाकटा दीर. बोलताना अडखळतो. जन्मापासूनचं आहे. तोंडाशी आलेला शब्द ओठात अडकून बसतो, मानेच्या शिरा फुगतात, आणि समोरचा माणूस एक तर हसतो, नाही तर निघून जातो.

आणि हाच विलास ड्रम वाजवत गातो! रॉक बँड आहे त्याचा, 'ढेकूळ' नावाचा. हातात ड्रमच्या काड्या आल्या की नदीला पाणी यावं तसे शब्द वाहतात. एक अक्षर अडकत नाही. का, ते डॉक्टरलाही नीट सांगता आलं नाही.

पिंपळगाव राजात आमची पिठाची चक्की आहे. हे शेतात जातात, चक्की मी पाहते. चक्कीच्या मागच्या खोलीत, पोती ठेवायच्या जागेत, बँडची प्रॅक्टिस चालते. चक्कीत रोज झाडलं तरी कोपऱ्यात पीठ साचतंच. तसे विलासचे किस्से माझ्याकडे साचलेत. हसून सांगते खरी, पण ते घडत होते तेव्हा मला हसू सुचत नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

*

माझं लग्न झालं तेव्हा विलास सातवीत होता. इतक्या लहान पोराला भाऊजी काय म्हणायचं? मी विलासच म्हणायची. तो मला काहीच म्हणायचा नाही. सहा महिन्यांत त्याच्या तोंडून एक पुरं वाक्य मी ऐकलं नव्हतं.

एक दिवस मी चक्कीवर दळण टाकत होते. मोटर चालू, पट्टा फिरतोय, कानात दुसरा आवाज नाही. माझा पदर खांद्यावरून घसरून पट्ट्याकडे चालला होता. मला पत्ताच नाही. दारात विलास उभा. त्यानं पाहिलं. "व... व... व..." तोंड उघडं, डोळे मोठे, शब्द येईना!

बाजूला तेलाचा रिकामा डबा होता. त्यानं पीठ सारायचं लाकडी फावडं उचललं आणि डब्यावर हाणलं. ठण्! ठण्! ठण्! ठण्!

मी दचकून मागं सरकले. पदराचं टोक पट्ट्यानं ओढलंच, वीतभर फाटलं. विलास डबा वाजवतच होता आणि वाजवता वाजवता तोंडातून निघालं, "वैनी, पदर सांभाळा, पट्ट्यात जाते!"

मी तशीच धावत अंगणात गेले. हे म्हणाले, "काय झालं वं? काऊन रडून राह्यली?"

मी म्हटलं, "विलास बोलला!"

"अन् हे लुगडं काऊन फाटलं?"

ते सांगायचं मी विसरूनच गेले होते!

*

तेव्हापासून त्याला युक्ती सापडली. आमच्या पट्ट्याला एक जोड होता. पट्टा फिरला की तो जोड चाकावर आपटून 'खट्' वाजायचा. खट्, खट्, खट्. विलास चक्कीजवळ उभा राहायचा आणि त्या तालावर बोलायचा. शाळेतून आला की दप्तर टाकून आधी चक्कीत. दिवसभराचं सगळं सांगायचा.

एका दुपारी हेही तिथंच होते. विलास आला आणि सांगू लागला, "वैनी, आज मास्तरनं मले सगळ्यांसमोर..."

लाइट गेली!

पट्टा थांबला. खट् थांबलं. विलासचं तोंड उघडंच राहिलं. यांनी त्याचा चेहरा पाहिला, लाल झालेला. यांचा राग म्हणजे सुक्या गवताचा. "मारलं! माह्या मुक्या भावाले मारलं!" असं म्हणत चपलाही न घालता निघाले. विलास डबा शोधेपर्यंत हे शाळेच्या फाटकात पोचले होते.

मी मागून पळाले, पण उशीर झाला. वर्गाबाहेर हे मास्तरांसमोर उभे. "मास्तर, माह्या भावावर हात काऊन उचलला?"

मास्तर घाबरून म्हणाले, "उचलला ना! पाठ थोपटायले उचलला!"

फळ्यावरची कविता विलासनं बाकावर टिचक्या मारत पुरी म्हणून दाखवली होती. शाबासकी मिळाली, एवढंच त्याला सांगायचं होतं.

*

पुढं बँड जमला. गिटारवर सलीम. त्याचं गावात वेल्डिंगचं दुकान आहे, फाटकं अन् खिडक्या बनवतो. बास गिटारवर प्रज्ञा. बौद्धवाड्यातली, ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते. तिच्या वडिलांचं जयंतीच्या मिरवणुकीतलं ढोल वाजवणं सगळ्या तालुक्यात नावाजलेलं, त्यामुळे ताल तिच्या घरातच आहे.

ड्रम मात्र विकतचा नव्हता. जुन्या वाजंत्रीवाल्यांचे टाकून दिलेले ढोल, त्यांना सलीमनं लोखंडी पाय लावले. एकदा मी पोलकं शिवायला बसले तर मशीनचं पायडलच जागेवर नाही! खाली पाहते तर नुसती चौकट.

"सलीम! माही मशीन कोणं खोलली?"

सलीम शांतपणे म्हणाला, "वैनी, नाराज मत होना. मोठा ड्रम पायानं वाजवा लागते ना. तुमची मशीन आता गाणं शिवते!"

त्याच दिवशी बँडचा नियम ठरला. विलासनं काडीवर काडी मारून चार ठोके द्यायचे. चौथा ठोका पडला की सगळ्यांनी एकदम सुरू करायचं. विलासचं तोंडही त्या चार ठोक्यांनीच उघडतं. ठोके दिले नाहीत तर गाणं नाही आणि बोलणंही नाही. एकाच किल्लीनं दोन कुलपं! तेव्हा आम्हाला हे फार सोयीचं वाटलं होतं.

*

सोनाळ्यात एक लग्न होतं. नवरदेव विलासच्या गाण्यांचा वेडा, त्यानं हट्टानं बँड बोलावला. जेवणाच्या डब्याच्या निमित्तानं मीही नेहमी सोबत जाते.

मंगलाष्टकं चालू होती. मांडव गच्च. बँड स्टेजवर तयार, पण लग्न लागेपर्यंत गप्प राहायचं असं नवरीच्या काकांनी तीनदा बजावलं होतं. काका मिशीवाले, आवाज असा की दबकूनच बोलावं.

शेवटच्या मंगलाष्टकाच्या आधी लग्न लावणारे महाराज श्वास घ्यायला थांबले. तेवढ्यात काका विलासजवळ वाकले आणि कुजबुजले, "बँडवाले किती जण हायत जेवाले?"

विलासला फक्त 'चार' म्हणायचं होतं. तिघं बँडवाले आणि मी.

शब्द अडकला. काका डोळे वटारून पाहतायत. विलासचा हात सवयीनं काड्यांकडे गेला. मला दिसलं, मी लांबून हात हलवला, पण त्यानं पाहिलंच नाही. टक्, टक्, टक्, टक्!

आणि सलीमची गिटार अशी कडाडली की मांडवातलं पोर अन् पोर उडालं! प्रज्ञाही सुरू. लोकांना वाटलं लग्न लागलं. अक्षता पडल्या, नवरीनं घाबरून हार घातला, महाराज ओरडतायत, "राहिलं! एक राहिलं!" कोण ऐकतंय?

नवरीची आई मटकन खाली बसली. काका विलाससमोर आले, मिशी थरथरत होती. आता मार पडणार, असं समजून सलीमनं गिटार पाठीमागं घेतली.

काका विलासला म्हणाले, "चार ठोके देल्ले तवाच समजलं ना मले, चार जण हायत! मंग बाकीचं काऊन वाजवलं बे?"

*

अमडापूरच्या बाजारातला कार्यक्रम आटोपून आम्ही परत येत होतो. भर दुपार. गाडी विलास चालवत होता. रस्त्यावर नाकाबंदी. हवालदारांनी हात केला.

"नाव?"

विलासचा जबडा ताठ झाला. मी सलीमचा हात दाबला. त्याचं तोंड सुटलं की थांबत नाही, आणि पोलिसापुढं जास्त बोललेलं बरं नसतं. प्रज्ञा म्हणाली, "साहेब, त्याले बोलताना..."

"तुमाले नाही विचारलं ताई. ड्रायव्हर, नाव सांग बे! चोरीची गाडी हाय काय?"

विलासच्या कपाळावर घाम. त्याचा हात हळूच सीटखाली गेला. काड्या तिथं असतात.

"हात बाहेर काढ! आधी हात बाहेर!" हवालदार दोन पावलं मागं सरले, दुसऱ्याला हाक मारली. काठी वर झाली. सीटखालून विलासचा हात निघाला तर त्यात दोन दांडके! मी डोळेच मिटले.

टक्, टक्, टक्, टक्. स्टेअरिंगवर.

आणि विलास गाऊ लागला. नाव, बापाचं नाव, मुक्काम पोस्ट पिंपळगाव राजा, तालुका खामगाव, जिल्हा बुलढाणा, लायसनचा नंबर, गाडीचा नंबर, सगळं चालीत! शेवटी 'साहेब जाऊ द्या' दोनदा.

मी डोळे उघडले. हवालदारांची काठी खाली आली होती. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, कागद पाहिले, परत खिडकीशी आले. चेहरा तसाच कडक.

"जा. पण दुसरं कडवं म्हणून जा!"

*

खामगावच्या कार्यक्रमाला पुण्याचे एक सर आले होते. तिकडं मोठमोठे शो भरवतात. कार्यक्रमाआधीची तयारी ऐकून त्यांना बँड आवडला, पण म्हणाले, "गाणारा ड्रमच्या मागे लपतो. याला पुढे उभं करा. ड्रमवर माझ्याकडचा मुलगा बसेल."

पुण्याचा शो मिळण्याची आशा. नाही कोण म्हणणार? विलास रिकाम्या हातानं माइकसमोर उभा राहिला. मागं दुसऱ्याच मुलानं ठोके दिले. गिटार सुरू झाली. विलास गप्प.

सलीमनं सुरुवातीचा तुकडा परत वाजवला. गप्प. तिसऱ्यांदा वाजवला. हॉलमध्ये कोणीतरी शिटी मारली. "अबे, मुका आणला काय?" मी पहिल्या रांगेत होते. माझ्या मांडीवरचा डबा हातातल्या घामानं निसटून पडला.

विलास वळला. मागं गेला, त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, काड्या घेतल्या आणि जागेवर बसला. पुढचा पाऊण तास तो हॉल बसला नाही, उभ्यानंच ऐकत होता.

नंतर पुण्याचे सर म्हणाले, "छान. ड्रमवरच बसा. फक्त भाषा जरा शुद्ध करता येईल का? हे 'मले', 'तुले' तिकडे गावंढळ वाटतं."

विलासनं खुर्चीच्या पाठीवर चार ठोके दिले. "सर, इतक्या वर्षांनी तोंड उघडलं. आता जे निंघून राह्यलं ते निंघू द्या ना!"

सर हसले. महिन्यानंतरचा शो पक्का झाला.

*

आणि नेमकी त्याच महिन्यात तात्यांनी तक्रार केली.

तात्यांचं घर आमच्या मागच्या खोलीला लागून. मध्ये एकच भिंत. तात्या एसटीचे रिटायर कंडक्टर, बीपीचा त्रास. त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. दुपारी चारला प्रॅक्टिस सुरू झाली की त्यांची झोप संपायची. आधी त्यांनी खाट भिंतीपासून हलवून पुढच्या खोलीत नेली. मग अंगणात, लिंबाखाली.

"छत्तीस वर्षं खिळखिळ्या गाडीत काढली," मला म्हणायचे, "पण तुमच्या विलाससारखा खडखडाट कोणत्याच गाडीत नाही ऐकला!"

आवाज वाढला की ते आत येऊन काठीनं भिंत ठोकायचे. धाड! धाड! सलीम एकदा म्हणाला, "यार, तात्या तालात हाय!" खरंच होतं. चार ठोके झाले, गाणं सुरू झालं, की बरोबर त्याच जागी तात्यांची काठी. इतक्या वर्षांत एवढी सवय झाली की बाहेरगावी वाजवताना ती जागा रिकामी वाटायची आणि प्रज्ञा तिथं पाय आपटायची.

तात्यांची बायको, आमच्या काकू, दळण घेऊन आल्या की हळूच म्हणायच्या, "काल एक गाणं कमी झालं म्हणत होते हे."

तरी अर्ज दिलाच. चक्कीतली खोली बंद करावी, ग्रामसभेत ठराव घ्यावा.

मला झोप लागेना. महिन्यावर शो, प्रॅक्टिसला दुसरी जागा नाही, हे तर होतंच. पण विलासचं तोंड ज्या खोलीत उघडतं ती खोलीच बंद झाली तर? मला तो सहा महिने न बोललेला सातवीतला पोरगा आठवायचा.

*

ग्रामसभा सकाळी अकराला होती. निघताना मी विलासच्या हातात काड्या दिल्या. त्यानं त्या परत चक्कीवर ठेवल्या आणि पाटीवर खडूनं लिहिलं, 'आवाजाचीच तक्रार हाय. तिथं काड्या वाजवल्या तर तात्यांची थट्टा केल्यासारखं होईल.'

त्याचं बरोबर होतं. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

हॉल भरलेला. मी बायकांच्या रांगेत. पुढच्या खुर्चीत तात्या, काठीवर दोन्ही हात. सरपंचबाईंनी अर्ज वाचला. सलीम उठला, "मॅडम, मी बोलतो त्याच्या वतीनं."

तात्या मागं न पाहता म्हणाले, "ज्याच्यावर अर्ज, त्यानं बोलावं."

प्रज्ञा तर ग्रामपंचायतीची कर्मचारी, समोर बसून सभेचं लिहीत होती. तिला बोलताच येत नव्हतं. तिनं फक्त पेन खाली ठेवलं.

विलास माइकपाशी गेला. रिकामे हात.

"म..." थांबला. "म... म..."

माइकमधून नुसता श्वास ऐकू येत होता. मागं दोघं-तिघं हसले. कोणीतरी म्हणालं, "लिहून दे ना रे बापा!" सरपंचबाईंनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. चांगल्या बाई आहेत, त्यांनाही पाहवत नव्हतं.

विलासच्या मानेच्या शिरा फुगल्या. त्याची नजर मला शोधत होती. माझ्या मांडीवर सवयीनं आणलेला स्टीलचा डबा होता. चार टिचक्या मारायच्या, एवढंच काम. पण सगळा गाव बसलेला, शेजारच्या बाया माझ्याकडे पाहतायत, आणि माझं बोट उचलेचना. आजही ते बोट पाहिलं की मला लाज वाटते.

सरपंचबाई म्हणाल्या, "ठीक आहे विलासभाऊ, बसा. कोणाचं काही म्हणणं नसेल तर खोली बंद करण्याचा ठराव..."

ठक्.

फरशीवर काठी.

ठक्. ठक्. ठक्.

तात्यांनी ना वर पाहिलं, ना मागं. काठीवर हात तसेच.

"मी विलास," माइकमधून आवाज आला. स्वच्छ. "तात्यांचा तरास खरा हाय. भिंतीले आतून पोते लावतो. पाचच्या आधी काडी उचलणार नाही. पण खोली बंद नका करू. माह्यं तोंड तिथंच उघडते."

एवढंच.

सरपंचबाईंनी विचारलं, "तात्या, अर्ज तुमचा आहे. तुमचं काय म्हणणं?"

तात्या उठले. चष्मा पुसला. विलासकडे पाहिलं आणि चिडून म्हणाले, "सूर थोडा घाईत उचलला बे. चौथा ठोका पुरा होऊ देत जाय!"

आणि काठी टेकत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी लिंबाखालची खाट उचलली आणि पुन्हा चक्कीच्या भिंतीला लावली.